गोटी खाली जाणारच... तरीही!

मैत्रिणींनो, आज एक प्रश्न विचारते. उत्तर मनातल्या मनात द्या, पण खरं द्या. तुम्ही शेवटच्या कधी खेळलात?

लेकरांना खेळवलं, ते धरू नका. हळदीकुंकवाला संगीत खुर्ची खेळलो, मंडळात लिंबू-चमचा झाला, तेही सोडा. तिथे बघायला चार माणसं असतात आणि शेवटी स्टीलचा डबा बक्षीस मिळतो. मी विचारतेय ते निव्वळ बिनकामाच्या खेळाबद्दल. ज्यातून वजन कमी करायचं नव्हतं, काही शिकायचं नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं, असा खेळ. बहुतेकींना आठवायला वेळ लागेल, याची मला खात्री आहे. लहानपणी आपण भुलाबाईच्या दिवसांत घरोघरी फिरलो, खिरापत ओळखली, सागरगोटे झेलले, ओसरीवर खडूनं पट आखून अष्टचंग खेळलो. लग्न झालं आणि ते सगळं माहेरच्या माळ्यावरच राहून गेलं. पुरुषांचं तसं होत नाही बघा. चौकातला कॅरम आणि पारावरचे पत्ते साठीपर्यंत सुरूच असतात. त्यांना कुणी विचारत नाही, ‘यातून फायदा काय?’

म्हणून आज एका खेळाबद्दल लिहायचं ठरवलं. खेळाचं नाव पिनबॉल. ‘हे काय नवीन खूळ’ म्हणून पान उलटू नका. तुमच्यापैकी ज्यांनी २००१ नंतरच्या आठ-दहा वर्षांत संगणकाचा वर्ग केला असेल, त्यांनी हा खेळ नक्की पाहिलाय. कदाचित नाव लक्षात नसेल. काळ्या-निळ्या आकाशात ग्रह, लुकलुकणारे दिवे, मधोमध दिव्यांचं रिंगण, आणि टणाटण आवाज करत पळणारी एक चंदेरी गोटी... आलं ध्यानात?

आर्णीतली दुपारची बॅच

त्या काळात मी आमच्या आर्णीत एका संगणक वर्गात दुपारची बॅच घ्यायचे. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीची लाट आली होती. सरकारी नोकरीसाठी संगणकाचं प्रमाणपत्र लागू लागलं होतं, त्यामुळे शिक्षक, ग्रामसेवक, कारकून सगळेच वर्गात येऊन बसत. सकाळ-संध्याकाळच्या बॅचेस मुलांच्या आणि नोकरदारांच्या. दुपारची दोन ते चार मात्र बायकांची, कारण तेवढाच वेळ घरातून सुटायचा. कुणी अंगणवाडीत होत्या, कुणाला बारावीनंतर लग्न झाल्यामुळे सुटलेलं शिक्षण पुढे न्यायचं होतं. आसपासच्या खेड्यांतून काळीपिवळीनं येणाऱ्याही होत्या.

यंत्रं जुनी होती. पेटीसारखे जाडजूड मॉनिटर, कव्हरवर कुणीतरी हौसेनं शिवलेली झालर. भारनियमन इतकं, की बॅटरीवर एका वेळी तीनच संगणक चालायचे आणि एकेकीवर तिघी. पण त्या यंत्रांत विंडोज एक्सपी होतं आणि एक्सपीत गेम्सच्या यादीत पत्त्यांच्या खेळांबरोबर हा पिनबॉल फुकट मिळायचा. पुरतं नाव ‘थ्रीडी पिनबॉल : स्पेस कॅडेट’. अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीनं तो बनवला आणि १९९५ मध्ये विंडोज ९५ च्या जोडीला विकल्या जाणाऱ्या ‘प्लस’ नावाच्या पॅकमधून तो पहिल्यांदा लोकांपुढे आला. मूळ खेळात तीन वेगवेगळी टेबलं होती. आपल्याकडे आलं त्यातलं एकच. पण ते एकटं टेबल इतकं देखणं होतं, की वर्गात ते उघडलं की बाजूच्या बायका एक्सेलचे रकाने सोडून मागे येऊन उभ्या राहायच्या.

सराटे आणि गोटी

खेळ समजायला अगदी सोपा. एक उतरतं टेबल असतं. उजवीकडच्या बोळातून स्प्रिंगच्या दांड्यानं गोटी वर उडवायची. संगणकावर त्यासाठी स्पेसबार दाबून धरायचा आणि सोडून द्यायचा. वर गेलेली गोटी टोप्यांना, आडोशांना, कोपऱ्यांना धडकत धडकत खाली येते आणि प्रत्येक धडकेला गुण मिळतात. खाली मधोमध दोन छोट्या फळ्या असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. गोटी जवळ आली की फळी उचलायची आणि तिला पुन्हा वर ढकलायचं. हुकलं की गोटी खाली. अशा तीन गोट्या गेल्या की खेळ संपला.

आमच्या बॅचमधल्या एका मावशींनी पहिल्याच दिवशी त्या फळ्यांचं बारसं केलं. म्हणाल्या, “हे तं सराटे होत! पोळी परतवाची काय अन् गोटी परतवाची काय, सारखंच.” तेव्हापासून आमच्या वर्गात फ्लिपरला कुणी फ्लिपर म्हटलं नाही. “डावा सराटा मार, डावा!” असा आरडाओरडा ऐकून खालच्या दुकानातले लोक वर डोकावून जायचे.

आता एक गंमत. डावी फळी उचलायची ती ‘झेड’च्या बटणानं आणि उजवी तिरप्या रेघेच्या, म्हणजे स्लॅशच्या बटणानं. टायपिंग शिकलेल्या मैत्रिणींना माहीत असेल, ही दोन्ही बटणं करंगळीची. कळफलकावर सगळ्यांत अडखळतात त्या करंगळ्याच. पोळ्या लाटताना, धुणं पिळताना, कापूस वेचताना सगळा जोर अंगठ्याचा आणि पहिल्या दोन बोटांचा. करंगळी आपली नुसती सोबतीला. या खेळात मात्र सगळा भार तिच्यावर. खेळता खेळता तिला बळ यायचं, आणि कुणी ‘करंगळीचा व्यायाम करा’ असं सांगायचीही गरज पडत नव्हती.

देखणी, पण खोटीची

मी या खेळाची नुसती स्तुती करणार नाही. त्यात खोटी भरपूर होत्या, आणि रोज खेळणाऱ्यांना त्या पाठ झाल्या होत्या.

पहिली खोट म्हणजे दोन सराट्यांच्या मधली फट. गोटी कधी कधी वरून अशी सरळ त्या फटीत उतरायची, की दोन्ही सराटे हलवले तरी तिला स्पर्श होत नसे. यात खेळणाऱ्याचा काहीच दोष नाही. दुसरी खोट, गोटीला वजनच नव्हतं. खऱ्या पिनबॉल यंत्रात पोलादी गोटी असते, सुमारे ८० ग्रॅमची. ती धडकली की हाताला जाणवते. संगणकातली गोटी साबणाच्या फुग्यासारखी तरंगत यायची, त्यामुळे फळी कधी उचलायची याचा अंदाज चुकायचा. तिसरी, खेळ एवढ्याशा चौकटीत चालायचा आणि काय करायचं याच्या सूचना उजवीकडे बारीक इंग्रजीत यायच्या. एक मोहीम निवडा, मग चढावर गोटी न्या, मग अमुक दिवे पेटवा... हे सगळं वाचेपर्यंत गोटी खाली गेलेली असायची. आमच्यापैकी बहुतेकींनी मोहीम-बिहीम कधी केलीच नाही. कॅडेटपासून फ्लीट ॲडमिरलपर्यंत नऊ हुद्दे आहेत. आमच्या बॅचमध्ये तिसऱ्याच्या वर कुणी चढलं नाही.

चौथी खोट सगळ्यांत मजेशीर. गोटी कधी कधी दोन आडोशांच्या मध्ये अडकून तिथल्या तिथे टकटक करत राहायची. मग टेबलाला धक्का द्यायचा. त्यासाठीही वेगळी बटणं होती. पण धक्के जास्त झाले की ‘टिल्ट’ अशी अक्षरं यायची, सराटे मरगळून पडायचे आणि गोटी डोळ्यांदेखत खाली जायची. खऱ्या यंत्रात यासाठी आत एक लंबक टांगलेला असतो आणि त्याच्याभोवती धातूचं कडं. यंत्र फार हलवलं की लंबक कड्याला टेकतो, वीज वाहते आणि खेळ बंद पडतो. १९३० च्या दशकात ही युक्ती निघाली, कारण लोक चक्क यंत्र उचलून गोटी हवी तिथे नेत.

इतक्या खोटी असूनही आम्ही तो खेळ का सोडला नाही? मला वाटतं, एक कारण त्याचं रूप. तेव्हाच्या वर्गात बाकी सगळं कसं राखाडी होतं. वर्डची पांढरी पानं, एक्सेलचे रकाने, करड्या पट्ट्या. त्यात हे एक रात्रीचं आकाश उघडायचं. गोटी टोपीवर आपटली की टोपी उजळायची, तीन दिवे एकापाठोपाठ एक लागायचे, कुठल्या तरी भोकात गोटी गडप व्हायची आणि भलत्याच भोकातून बाहेर यायची. आमच्या मावशी म्हणायच्या, “दिवाळीच्या लायटिंगले बटन दाबत बसल्यासारखं वाटते.” दुसरं कारण असं, की खोटी सगळ्यांना सारख्या होत्या. बीए झालेलीची गोटीही फटीतून जायची आणि सातवी शिकलेलीचीही. तिथे कुणी हुशार नव्हतं.

“मले काही आठवलं नाही”

आमच्या त्या बॅचमध्ये एक ताई होती. तालुक्यातल्याच एका खेड्यातून यायची. वय असेल तिशीच्या आत-बाहेर. नवरा सरकारी नोकरीत होता, तो अपघातात गेला. अनुकंपा तत्त्वावर तिचं नाव यादीत लागलं होतं, पण कारकुनाच्या जागेसाठी टायपिंग आणि संगणकाचं प्रमाणपत्र हवं होतं. म्हणून दोन लेकरं सासूजवळ ठेवून ती यायची. पहिला महिनाभर ती कुणाशी बोलली नाही. माऊसला हात लावताना तिचा हात थरथरायचा. ‘यंत्र बिघडलं तं पैसे कोठून भरू’ ही भीती.

एक दिवस वीज गेली. तीन संगणक उरले आणि बायकांनी पिनबॉल उघडला. तिलाही बसवलं. तिनं गोटी उडवली, गोटी वर गेली, दोन टोप्यांना लागली आणि सरळ खाली आली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “मॅडम, हे गोटी तं पडणारच आहे ना? मंग हे खेळाचं कायले?”

मी काही बोलायच्या आत मावशींनी उत्तर दिलं, “अवं, पडणार तं आहेच. पडेपर्यंत किती वाजते ते पाह्यचं!”

ती हसली. आम्ही तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर रोज शेवटची पंधरा मिनिटं ती त्या संगणकावर बसायला लागली. फार चांगली खेळायची असं नाही. पण गोटी खाली गेली की ‘हात तुझी!’ म्हणून पुन्हा स्पेसबार दाबायची.

गाव लहान. गोष्ट घरी पोचायला वेळ लागला नाही. एक दिवस तिच्या सासरचं माणूस वर्गात आलं. आवाज चढलेला नव्हता, पण शब्द टोचणारे होते. “आम्ही वयनीले शिकाले पाठवलं, गेम खेळाले नाई. माणूस जाऊन दोन वर्षं नाही झाले अन् हे काय चाललं? लोक बोलतात.” वर्ग चालवणाऱ्यांनीही मला बाजूला घेऊन सांगितलं, की संगणकावरून तो गेम काढून टाका, कटकट नको.

मी त्या गृहस्थांना बसवलं, पाणी दिलं आणि टायपिंगच्या पुस्तकातलं बोटांचं चित्र दाखवलं. ही डावी करंगळी, ही उजवी. ही बोटं वळली नाहीत तर टायपिंगचा वेग येत नाही, वेग आला नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर नोकरी नाही. त्यांना ते पटलं. निदान पुढे ते आले नाहीत. गेम राहिला.

मी सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतंच, आणि ते मला ताईनंच नंतर सांगितलं. काळीपिवळीची वाट बघत आम्ही दोघी उभ्या होतो. ती म्हणाली, “मॅडम, पोट्टे झोपले का मी जागीच राहतो. डोक्यात तेच ते चालू राहते. ते गोटी पाहत राहतो ना, तेवढा वेळ मले काही आठवलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा.”

मैत्रिणींनो, त्या गृहस्थांना मी हे कारण सांगितलं असतं तर त्यांनी मान्य केलं असतं का? मला शंका आहे. बाईनं खेळायचं तर त्यातून नोकरी मिळाली पाहिजे, संस्कार झाले पाहिजेत, निदान तब्येत तरी सुधारली पाहिजे. ‘मला बरं वाटतं’ एवढं कारण आपल्याकडे पुरत नाही. आणि घरात दुःख झालेलं असेल तर ते मुळीच पुरत नाही. जणू बाईचा चेहरा हा घराचा सुतकाचा फलक.

ताई परीक्षा पास झाली. नोकरीचा आदेश यायला मात्र त्यानंतर तीन वर्षं लागली. अनुकंपाच्या याद्या कशा हलतात, हे ज्या घरांनी भोगलंय त्यांना सांगायला नको.

बॅगाटेलचं घराणं

पिनबॉल आपल्याला परका वाटतो, पण त्याची आजी आपल्या घरात होती. बॅगाटेल आठवतं? वरून गोलाई दिलेला लाकडी पाट, त्यावर ठोकलेले खिळे, खिळ्यांच्या अर्धवर्तुळात लिहिलेले आकडे, आणि बेअरिंगचे छर्रे. उन्हाळ्याच्या सुट्टीत व्यापार, सापशिडी आणि कॅरमच्या जोडीला बॅगाटेल असलेलं घर म्हणजे गल्लीतलं श्रीमंत घर! आमच्या आर्णीच्या बाबा कंबलपोष यांच्या यात्रेतून आणलेलं प्लॅस्टिकचं छोटं बॅगाटेल माझ्याजवळ बरीच वर्षं होतं. त्याचा तळ डावीकडे कलता होता, त्यामुळे दर वेळी छर्रा डाव्या कोपऱ्यातच जायचा. वरचं मोराचं चित्र मात्र इतकं झकास, की ते टाकून द्यावंसं कधी वाटलं नाही.

हे ‘बॅगाटेल’ नाव पॅरिसमधल्या एका छोट्या महालावरून पडलं, असं सांगतात. १७७७ मध्ये फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिनं आपल्या दिराशी पैज लावली, की हा महाल दोन-तीन महिन्यांत उभा करून दाखव. दिरानं जवळपास नऊ आठवड्यांत तो बांधून दाखवला. म्हणजे या खेळाच्या नावामागेही दीर-भावजयीची पैज आहे म्हणायची!

पुढे १८७१ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी गावच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी या खेळाला स्प्रिंगचा दांडा बसवून त्याचं पेटंट घेतलं. १९३१ मध्ये गॉटलिब कंपनीचं ‘बॅफल बॉल’ यंत्र आलं. तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. हाताला काम नव्हतं, पण एका सेंटच्या नाण्यात पाच-सात गोट्या खेळायला मिळत. लोकांनी त्या यंत्रांवर गर्दी केली. लक्षात घ्या, या यंत्रांना सराटे नव्हते! एकदा गोटी उडवली की बघत बसायचं, सगळा नशिबाचा खेळ. त्यावर जुगारही व्हायचा. म्हणून १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरांनी, फिओरेल्लो ला ग्वार्डिया त्यांचं नाव, शहरात पिनबॉलवर बंदी घातली. लेकरांचे डब्याचे पैसे ही यंत्रं खातात, असं त्यांचं म्हणणं. पोलिसांनी यंत्रं जप्त केली आणि महापौरांनी स्वतः हातोडा घेऊन ती फोडतानाचे फोटो काढून घेतले.

सराटे आले ते १९४७ मध्ये. शिकागोतल्या त्याच गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ यंत्रात पहिल्यांदा बटण दाबून उचलता येणाऱ्या फळ्या बसवल्या. एक-दोन नाही, सहा. त्या दिवसापासून खेळ बदलला. गोटी पडणार हे तेच, पण आता खेळणाऱ्याला काहीतरी करता येऊ लागलं. तरीही न्यूयॉर्कमधली बंदी उठायला १९७६ साल उजाडलं. रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकारानं नगर परिषदेच्या सदस्यांपुढे यंत्रावर खेळून दाखवलं. त्यानं आधी बोट दाखवून सांगितलं, की माझी गोटी या बोळातून जाणार, आणि ती त्याच बोळातून गेली. हा कसबाचा खेळ आहे हे परिषदेला पटलं. गंमत म्हणजे, पुढे शार्पनं स्वतःच सांगून टाकलं, की ती गोटी नशिबानं गेली होती!

या यंत्रांवरच्या चित्रांबद्दल एक बोलायलाच हवं. मागच्या उभ्या काचेवर फार सुंदर रंगकाम असायचं, ते आजही संग्राहक जपून ठेवतात. पण त्यात बाई असली की बहुतेक वेळा ती अर्ध्या कपड्यांत पुरुषाच्या बाजूला शोभेला उभी. यंत्र खेळणारा पुरुषच असणार, हे गृहीत. त्या मानानं आपल्या वाट्याला आलेलं टेबल बरं, कारण त्यात ग्रह-तारे होते. आमच्या बॅचमधल्या बायकांना तिथे बसताना कधी संकोच वाटला नाही.

पडद्यामागे गोटी हरवली

पुढे काय झालं, तेही सांगते. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं आणि त्यात पिनबॉल नव्हता. किती जणींनी मला विचारलं, ‘मॅडम, नव्या संगणकात तो गोटीचा गेम कुठाय?’ कारण बऱ्याच वर्षांनी कळलं. मायक्रोसॉफ्टमधले अभियंते रेमंड चेन यांनी २०१२ मध्ये ते लिहून ठेवलं. संगणक ३२ बिटवरून ६४ बिटचे होत होते. तसा बदल करताना या खेळात एक विचित्र बिघाड झाला. गोटी दांड्यापाशी यायची आणि उडण्याऐवजी दांड्यातूनच आरपार, भुतासारखी, खाली पडून जायची. आडोसे होते, टोप्या होत्या, पण गोटीला त्या लागेनातच. मूळ खेळ बाहेरच्या लोकांनी लिहिलेला, आत कसलंही टिपण नाही. एखाद्या सासूबाईंनी मसाल्याचं प्रमाण कधी लिहून ठेवू नये आणि त्यांच्या मागे तो मसाला कुणालाच जमू नये, तशी गत. वेळ कमी होता, दुसरी कामं ढीगभर. त्यांनी खेळच काढून टाकला.

एक्सपीचा पाठिंबाही एप्रिल २०१४ मध्ये थांबला. आमच्या वर्गातले ते जाड मॉनिटर कधीच भंगारात गेले. पण खेळ मेला नाही. हौशी मंडळींनी मूळ खेळ उकलून, तो आजच्या यंत्रांवर चालेल असा पुन्हा उभा केलाय. मोबाईलवर तर पिनबॉलचे पुष्कळ प्रकार मिळतात, बटणांऐवजी पडद्याच्या डाव्या-उजव्या बाजूला बोट टेकवायचं. तेवढं मात्र सांभाळा, की पैसे लावायला सांगणाऱ्या आणि दर मिनिटाला जाहिरात दाखवणाऱ्या खेळांच्या वाटेला जाऊ नका. कुणी म्हणालं ‘जिंका आणि कमवा’, की तो खेळ उरला नाही असं समजा.

करून बघा

घरात संगणक नसेल तरी अडत नाही. लाकडी फळी, शंभरेक छोटे खिळे आणि सायकलच्या दुकानातून मागून आणलेले छर्रे एवढ्यावर बॅगाटेल होतं. फळीचं वरचं टोक चार-पाच बोटं उंच ठेवा. खिळे ठोकताना दोन खिळ्यांत छर्ऱ्यापेक्षा थोडी जास्त जागा सोडा, नाहीतर छर्रा अडकतो. कडेनं पट्टी मारा, वरच्या बाजूला पत्र्याची किंवा वेताची गोलाई द्या. स्प्रिंग नसली तर नुसत्या काडीनंही छर्रा ढकलता येतो. आणि हो, वर चित्र मात्र मनासारखं काढा. फळी थोडी वाकडी निघाली तरी चालेल. वाकडेपणा कळला की त्याप्रमाणे खेळायचं.

लेकरांसाठी करतो आहोत असं घरात सांगितलं तरी हरकत नाही, पण पहिला डाव तुम्ही खेळा. दुपारी भांडी झाली की शेजारणीला हाक मारा, सासूबाईंना बसवा, दहा-पंधरा मिनिटं काढा. कुणी विचारलं ‘हे कशासाठी?’ तर करंगळीचं कारण सांगू नका. ‘मजा येते म्हणून’ एवढं सांगा आणि पुढचा छर्रा लावा.

परवाच ती ताई आर्णीच्या बाजारात भेटली. आता तिच्या नोकरीला बरीच वर्षं झाली, थोरला लेक कामाला लागलाय. मी विचारलं, “अजून खेळतेस का गं?” तर पिशवीतून मोबाईल काढून म्हणाली, “हाव ना मॅडम! जेवणाच्या सुट्टीत. ऑफिसात सारे हसतात, हसू द्या.” आणि मग हळूच, “पण अजूनही मधातूनच पडते पाहा गोटी.”